पानझडीचं रान मार्चमध्ये बघा

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात गर्दी लोटते ती जुलै-ऑगस्टमध्ये. मार्च उजाडला की ‘सगळं वाळलंय, आता काय बघायचं तिथे’ म्हणत लोक पाठ फिरवतात. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. हे जंगल जगतं कसं, ते समजून घ्यायचं असेल तर फेब्रुवारी ते एप्रिलमध्येच जावं.

मुळात इतक्या पावसाच्या मुलखात झाडांनी पानं टाकावीत का? सांताक्रूझला जून ते सप्टेंबर सरासरी सुमारे २,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. पण जानेवारी ते एप्रिल जवळजवळ काहीच नाही. झाडाच्या लेखी वर्षाच्या बेरजेपेक्षा कोरडे महिने किती लांबले, हे महत्त्वाचं. केरळात मे महिन्यातले वळीव आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पाऊस मिळून कोरडा काळ तीन-चार महिन्यांत आटोपतो, म्हणून तिथे सदाहरित रान टिकतं. उत्तर कोकणात तोच काळ सात-आठ महिने चालतो. त्यात काळ्या कातळावर मातीचा थर पातळ. शास्त्रीय वर्गवारीत इथलं बरंचसं जंगल ‘आर्द्र पानझडी’ ठरतं, पण उघड्या कातळावरचे उतार मार्चमध्ये बघितले तर ते शुष्क पानझडी वनाच्याच रीतीने वागताना दिसतात.

पान टाकण्यामागे हिशेब आहे. मुळांपासून शेंड्यापर्यंत पाणी चढतं ते अतिशय बारीक नलिकांमधून, सलग ओढलं जात. जमीन सुकली आणि पानं मात्र बाष्प सोडत राहिली, तर ताण वाढून पाण्याचा तो स्तंभ तुटतो. नलिकेत हवा शिरते आणि ती निकामी होते. अशा पुष्कळ नलिका गेल्या की फांदीच मरते. त्यापेक्षा पानं गेलेली बरी. आणि पान सोडण्याआधी झाड त्यातलं बरंचसं नत्र नि स्फुरद खोडात परत खेचून घेतं.

कांडोळाजवळ जरा थांबाच. ऐन-सागाच्या करड्या गर्दीत तो पांढराफटक उभा असतो. गुळगुळीत सालीचे कागदी पापुद्रे आपोआप सुटत असतात आणि ते सुटतात तिथे हिरवट झाक दिसते. ती हरितद्रव्याची. अंगावर एक पान नसताना हे झाड सालीतून थोडंफार अन्न तयार करत राहतं. हात मात्र लावू नका. त्याच्या लाल फळांवर बारीक कूस असते, ती टोचते.

पानं नसण्याचा फायदा फुलांनाही होतो. काटेसावर, पांगारा, पळस उघड्या फांद्यांवर फुलतात, त्यामुळे लाल-केशरी फुलं पक्ष्यांना लांबून दिसतात. सावरीचं एक फूल वरून पडलेलं उचलून बघा. पाकळ्या जाड, मांसल, आत पुंकेसरांचा झुबका आणि तळाशी मधुरस. सकाळी त्या एका झाडावर मैना, बुलबुल, कोतवाल आणि माकडं यांची झुंबड असते. पाण्याची टंचाई असते त्या दिवसांत ही फुलं अनेकांचं खाणं आणि पिणं दोन्ही आहेत.

मला सगळ्यात नवल वाटतं ते कोशिंबाचं. पाऊस अजून दोन महिने लांब असतो, वरून ऊन भाजत असतं आणि या झाडाला लालभडक पालवी फुटते. पानं गळल्यावर पाण्याचा खर्च थांबतो, खोड पुन्हा ओलावतं आणि त्या साठ्यावर पालवी येते. एवढी घाई कशाला? मुरली आणि रामन सुकुमार या संशोधकांनी तमिळनाडूतल्या मुदुमलाईच्या शुष्क पानझडी जंगलाचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध केला. पावसाआधी पालवणाऱ्या झाडांचं किड्यांनी केलेलं नुकसान कमी होतं, असं त्यात दिसलं. पावसाबरोबर अळ्यांचं पीक येतं, तोवर पान निबर झालेलं असतं. अळ्या काय करतात ते पावसाळा सरता सरता सागावर दिसतं. पानाचा गर फस्त आणि उरते नुसती शिरांची जाळी.

कोरड्या महिन्यांत पाणी कसं पुरवायचं, हा झाडांपुढचा प्रश्न उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांत राहणाऱ्या बौद्ध भिक्षूंपुढेही होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास इथे लेणी कोरायला सुरुवात झाली, ती जवळजवळ हजार वर्षं चालू राहिली. शंभरावर लेणी आहेत. लोक मोठ्या चैत्यातल्या बुद्धमूर्ती बघून परततात. तुम्ही पोढ्या, म्हणजे कातळात कोरलेली पाण्याची टाकी बघा. कातळावर उथळ पन्हळी कोरून पावसाचं पाणी विहारांच्या दाराशी असलेल्या टाक्यांत सोडलेलं आहे. चार महिन्यांचं पाणी आठ महिने पुरवायचं, जे सावर आपल्या पोकळसर लाकडात करते तेच या माणसांनी दगडात केलं.

आणि इथे आजही माणसं राहतात. उद्यानातल्या पाड्यांवर वारली कुटुंबं आहेत. बिबट्याचं आणि त्यांचं शेजारपण जुनं. ते वाघोबाला पूजतात, त्यात वाघही आला आणि बिबट्याही. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर भागांतल्या वाघोबाच्या दीडशेहून अधिक ठाण्यांची, म्हणजे देवस्थानांची, नोंद अभ्यासकांनी केली आहे. शेंदूर लावलेला दगड किंवा लाकडी फळी, तीवर वाघ, चंद्र, सूर्य. वाघबारशीला, म्हणजे वाघोबाच्या सणाला, तिथे नैवेद्य चढतो. असं ठाणं दिसलं तर चप्पल काढून लांबूनच बघावं, फोटोआधी पाड्यावरच्या कुणाला तरी विचारावं.

उद्यान सोमवारी बंद असतं. बाकी दिवशी सकाळी लवकर आत शिरा, पाणी भरपूर घ्या आणि काडेपेटी घरी ठेवा. या दिवसांत जमिनीवर पाचोळ्याचा थर असतो आणि इथले वणवे बहुतेक माणसाच्याच हातून लागतात.

कान्हेरीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना वाळक्या काड्यांची दाटी दिसेल, ती कारवी. याच काड्यांचे कूड शेणामातीने लिंपून कोकणातल्या झोपड्यांच्या भिंती उभ्या राहिल्या. आठ वर्षांतून एकदा ती जांभळी फुलते, बी धरते आणि मरते. इथे ती २०१६ मध्ये फुलली, मग २०२४ मध्ये. त्या बहराचं बी जमिनीत पडून आता नवी रोपं वर येत आहेत, ती फुलण्याची पाळी २०३२ ची.