गडद निळी भिंत किती उजेड गिळते?

शेड कार्डावरचा दोन बोटांएवढा गडद निळा चौकोन मोहक दिसतो; तोच रंग चारही भिंतींवर चढला की खोली लहान आणि काळोखी झाल्याची तक्रार सुरू होते. याचे कारण उजेडाच्या हिशेबात आहे. पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडापैकी सुमारे ८० टक्के परत फेकते, तर गडद निळी जेमतेम १० टक्के. परतलेला उजेड समोरच्या भिंतीवर पडून पुन्हा परततो, आणि हे चक्र चालूच राहते. खोलीच्या सहाही बाजू ८० टक्के उजेड परतवत असतील, तर या साऱ्या फेऱ्यांची बेरीज मूळ उजेडाच्या पाचपट होते. सर्व बाजू गडद निळ्या असतील तर ती १.१ पटीवरच थांबते. खिडक्या आणि फर्निचर धरल्यास प्रत्यक्षातला फरक कमी होतो, पण कल तोच राहतो. समान आकाराच्या सहाही बाजू ७० टक्के परतवणाऱ्या असताना त्यांपैकी एकच निळी केली, तर तोटा सुमारे पाव भागाचा होतो. मला हा सौदा परवडणारा वाटतो.

आता रंगारी तिसरा हात का मागतो, ते पाहू. फिक्या छटांमध्ये खालची भिंत झाकण्याचे काम टायटॅनियम डायऑक्साइड ही पांढरी पूड करते. तिचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो याचे माप) सुमारे २.७ आणि रंगातल्या बांधणाऱ्या द्रव्याचा सुमारे १.५ असल्यामुळे प्रकाश तिच्या कणांवर आदळून सर्व दिशांना विखुरतो. गडद निळ्यात ही पूड फार घालता येत नाही, कारण घातली की तो आकाशी होतो. त्यामुळे झाकण्याचा भार निळ्या रंगद्रव्यावर पडतो, आणि ते प्रकाश शोषण्यात पटाईत असले तरी विखुरण्यात कच्चे असते. पांढऱ्याऐवजी करड्या प्रायमरवर हा रंग लवकर भरतो, तो याचमुळे.

निळ्या रंगद्रव्यांचा भिंतीशी संबंधही सरळ नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये अपघाताने सापडलेला प्रशियन निळा हे लोहाचे संयुग आहे; ताज्या चुन्याच्या किंवा सिमेंटच्या अल्कलीत ते विघटन पावून तपकिरी पडते. अल्ट्रामरिन या दुसऱ्या निळ्या रंगद्रव्याचे उलटे आहे: त्याला आम्ल सोसत नाही, पण चुना सोसतो. आपल्याकडे चुन्याच्या सफेदीत चिमूटभर नीळ टाकत, ती बहुधा हेच अल्ट्रामरिन. ते पिवळा-नारिंगी प्रकाश शोषते आणि सफेदीतली पिवळी झाक मोडते. आजच्या गडद निळ्या छटांमध्ये मात्र प्रामुख्याने तांब्याचे थॅलोसायनीन असते. त्याच्याच कुळातले लोहाचे निळे संयुग १९२८ साली स्कॉटलंडमधल्या एका कारखान्यात, भांड्याचा आतला मुलामा तडकून द्रव लोखंडाला लागल्यामुळे, नको असलेली घाण म्हणून हाती आले होते. थॅलोसायनीन अल्कली, आम्ल आणि ऊन तिन्ही झेलते. ओल्या भिंतीतून वर येणारा पांढरा खार मात्र कोणत्याच रंगद्रव्याला थोपवता येत नाही, आणि पावसाळ्यात तो गडद निळ्यावर जितका उठून दिसतो तितका पांढऱ्यावर दिसत नाही. तेव्हा ओल आधी थांबवावी.

रात्रीचा हिशेब वेगळा आहे. पिवळसर एलईडी दिव्याच्या प्रकाशात नारिंगी-तांबडा भाग जास्त आणि निळा कमी असतो; थॅलोसायनीन नेमका नारिंगी-तांबडाच शोषते. परतवायला फारसे काही उरत नसल्यामुळे भिंत काळी वाटते, आणि पांढऱ्या दिव्याखाली तिचा निळेपणा परत येतो. दिवे मालवले की आणखी एक गंमत घडते. अंधूक उजेडात डोळ्यातल्या शंकुपेशींऐवजी दंडपेशी कामाला लागतात आणि त्या निळसर-हिरव्या प्रकाशाला अधिक संवेदनशील, तर तांबड्याला जवळजवळ आंधळ्या असतात. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे नोंदवले. खिडकीतून पहाटेचा पहिला उजेड आत येतो, तेव्हा दिवसा भडक दिसणारी तांबडी उशी काळीठिक्कर असते आणि तिच्यामागची निळी भिंत तिच्यापेक्षा उजळ दिसते.