रथ आधी, मंडळ नंतर

सार्वजनिक उत्सवाचा विषय निघाला की आपण हटकून १८९३ पासून मोजायला लागतो. पुण्यापुरतं ते ठीक. जळगावात मात्र श्रीराम मंदिराचा रथ १८७२ पासून, म्हणजे त्याच्याही २१ वर्षं आधीपासून, रस्त्यावर आहे. संत अप्पा महाराजांनी तो सुरू केला, आणि दिवस धरला कार्तिकी एकादशीचा. ज्याला पंढरपूर गाठता येत नाही त्याच्या दारासमोरून देवच जातो, एवढा साधा हिशेब.

तेव्हाचं जळगाव नुकतं कुठे वाढत होतं. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६० च्या दशकात कापसाला सोन्याचा भाव आला, रेल्वे आली आणि व्यापारी पेठ उभी राहिली. पण रथ पेठेचा नव्हे, जुन्या गावाचा. भोईटे गढी, कोल्हे वाडा, चौधरी वाडा ही त्याच्या वाटेवरची नावं ऐकली तरी कळतं. एकादशीआधी, कार्तिक प्रतिपदेपासून रोज रात्री एकेक वहन, म्हणजे देवाचं वाहन, निघतं. कधी घोडा, कधी हत्ती, कधी गरुड. घरोघरी पानसुपारी होते. त्यामुळे रथाच्या दिवशी गल्लीला देव नवा नसतो.

रथ चालतो कसा हे एकदा जवळून बघावं. ओढणारे शेकडो, पण त्याला ना ब्रेक ना स्टेअरिंग. सगळी मदार मोगरीवर. मोगरी म्हणजे चाकाखाली सरकवायचा लाकडी ठोकळा. वळण आलं की मोगरीवाला चाकाशी वाकतो, नेमक्या क्षणी ठोकळा आत देतो; एक चाक अडतं, दुसरं फिरतं आणि एवढा मोठा रथ अरुंद बोळात वळतो. हात क्षणभर उशिरा निघाला तर काय होईल ते सांगायला नको. माझ्या मते मानकरी कुणीही असो, त्या दिवशीचा खरा सारथी हाच.

भिलपुऱ्यात मुस्लिम संत लालशा बाबांच्या समाधीपाशी रथ थांबतो, तिथे फुलांची चादर चढते, मग पुढे. अप्पा महाराज आणि लालशा बाबांचा स्नेह होता असं सांगतात. या थांब्याला हल्ली ‘सलोख्याचा संदेश’ वगैरे म्हणतात. जुन्या माणसांना तो नुसता वाटेतला नेम वाटतो.

धुळ्यात हाच प्रकार रक्त सांडल्यावर रुजला. १८९५ मध्ये जामा मशिदीसमोर गणपतीच्या मिरवणुकीवरून दंगल पेटली, इंग्रजांनी गोळीबार केला, माणसं गेली. तेव्हापासून त्या गणपतीला लोक ‘खुनी गणपती’च म्हणतात. असं नाव बदलावंसं कुणाला वाटलं नसेल का? पण नाव राहिलं आणि रीतही. पालखी टाळ-मृदंगात मशिदीशी येते, आरती होते आणि वरून फुलं पडतात ती मशिदीतून.

खानदेशातल्या कानबाईची गंमत उलटी. ही मुळात घरची देवता: श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाच्या रूपात बसणारी, भाऊबंदांनी मिळून तिच्या प्रसादाचा रोट खायचा. रस्त्यावर ती यायची तेवढी सोमवारी, विसर्जनाला. आता कॉलन्यांमधून सार्वजनिक कानबाई बसते, डीजे लागतो, फुगड्या मात्र टिकून आहेत. भाऊबंद गावाकडे राहिले, शेजारी जवळ आले. मग रोट कुणाबरोबर खायचा?

रथाला तसं कॉलनीत नेता आलेलं नाही, आणि नेऊही नये. शहर महामार्गापलीकडे पसरलं, तरी एकादशीला नव्या वस्त्यांतली माणसं गाडी दूर कुठेतरी लावून चालत जुन्या गावात येतात. सासरी गेलेल्या लेकी माहेरच्या ओट्यावर, गच्चीवर जागा धरून बसतात. रथ अजून दोन गल्ल्या मागेच असतो.