ट्रकमधला दुसरा चालक

मालवाहतुकीतल्या गैरप्रकारांचा विषय निघाला की नागपुरात बोलणं लगेच ओव्हरलोडवर येतं. रेतीचे टिप्पर, उमरेड-सावनेरकडचा कोळसा, कोराडी-खापरखेड्याची राख हे रोज डोळ्यांसमोर असतं. गाडी चालवणारा माणूस किती तास जागा आहे, हे मात्र अपघात झाल्यावरच विचारलं जातं. गाडीवरचं वजन आणि चालकाची झोप हे एकाच हिशोबाचे दोन भाग आहेत, आणि 2018 साली सरकारने दोन्हींचा निकाल एकाच वर्षात लावला.

त्याआधीचं थोडक्यात. बंजाऱ्यांच्या तांड्यांपासून 1867 मध्ये पोचलेल्या रेल्वेपर्यंत नागपूर हे माल बदलण्याचं ठिकाण राहिलं. पुढे उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे दोन मोठे महामार्ग, आजचे 44 आणि 53, इथे येऊन मिळाले आणि वाडी, कापसीकडे गोदामं वाढली.

चालकाच्या कामाचे तास 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने ठरवले. दिवसाला 8, आठवड्याला 48. लांब पल्ल्यासाठी परवानगीने दिवसाला 10 आणि आठवड्याला 54. सलग 5 तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. पण हा कायदा 5 किंवा त्याहून जास्त कामगार ठेवणाऱ्या व्यवसायालाच लागू होता. आपल्याकडचे बहुतांश ट्रक ज्यांच्या नावावर आहेत, ते एक-दोन गाड्यांचे मालक त्याच्या कक्षेबाहेर राहिले. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने तेच तास सगळ्याच व्यावसायिक चालकांना लावले खरे, पण नोंदवही आणि तपासणीची यंत्रणा जुन्या कायद्याशीच बांधलेली राहिली. तास सगळ्यांना लागू झाले, ते मोजायची जबाबदारी मात्र कोणावर आली नाही.

ही उणीव निदान कागदावर भरून काढणारा एक नियम होता. देशभर माल नेण्याचा राष्ट्रीय परवाना असलेल्या जड गाडीवर किमान दोन चालक हवेत, आणि चालकाच्या आसनामागे केबिनच्या पूर्ण रुंदीचं आसन हवं, म्हणजे दुसऱ्या चालकाला अंग पसरून झोपता येईल. 1989 च्या केंद्रीय नियमावलीत हे स्पष्ट लिहिलेलं होतं. वाहतुकीच्या इतक्या नियमांमध्ये चालकाच्या झोपेचा असा थेट विचार करणारं कलम मला तरी दुसरं दिसलेलं नाही.

वजनाची कथा समांतर चालली होती. काही राज्यं जादा वजनासाठी पैसे घेऊन टोकन देत, आणि तेवढ्यावर गाडी पुढे जाई. दंड भरला म्हणजे जादा माल न्यायची परवानगी मिळाली, असा अर्थ रूढ झाला होता. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मोडीत काढला. दंड भरला तरी जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलणार नाही, असा तो निकाल होता. प्रत्यक्षात माल क्वचितच उतरला. भाडं टनावर ठरतं, डिझेल, टोल आणि कर्जाचा हप्ता मात्र गाडीवर बसतो. शेजारचा जादा भरत असेल तर पासिंगइतकंच, म्हणजे गाडीला मंजूर वजनाइतकंच, भरणाऱ्याला बाजारातलं भाडं परवडत नाही. म्हणून हा दोष फक्त मालकाच्या लोभावर टाकणं मला पटत नाही. गाडीत माल भरून देणारा कारखाना, खाण किंवा रेती घाट यांना वजन काट्यावरच कळलेलं असतं. जो जादा वजनाची गाडी चालवायला लावतो किंवा चालवू देतो, तोही कायद्याच्या शब्दांत दोषी आहे, पण रस्त्यावर सापडतो तो चालकच.

नागपूर महापालिकेचा जकात कर एप्रिल 2013 मध्ये गेला, 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि राज्यांच्या सीमांवरच्या करतपासणीच्या रांगा संपल्या. ते व्हायलाच हवं होतं. पण वाचलेले तास विश्रांतीला मिळावेत अशी तरतूद कुठेच नव्हती. ते पुढच्या फेरीत गेले.

मग जुलै 2018. डिझेल, टोल आणि विम्याच्या हप्त्यांवरून ट्रकमालकांनी 20 जुलैपासून देशभर चक्का जाम जाहीर केला होता. त्याच्या चार दिवस आधी केंद्राने अॅक्सलमागच्या, म्हणजे चाकांच्या प्रत्येक आसामागच्या, वजनाची मर्यादा वाढवली. चार टायरच्या एका अॅक्सलला 10.2 टनांऐवजी 11.5 टन. दहाचाकी ट्रकचं एकूण वजन 25 वरून 28.5 टन. सर्वांत मोठ्या जोडगाड्यांना 49 ऐवजी 55 टन. इंजिनं सुधारली, रस्ते सुधारले, जगभर मर्यादा जास्त आहेत, अशी कारणं दिली गेली आणि ती खोटी नव्हती. पण रस्त्याची झीज अॅक्सलवरच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते, हे रस्तेबांधणीतलं जुनं गणित आहे. त्या हिशोबाने 10.2 चे 11.5 टन झाले की एका अॅक्सलमागे झीज सुमारे 60 टक्क्यांनी वाढते. शिवाय तोच माल कमी गाड्यांत मावू लागला. अनेक गाड्या रिकाम्या उभ्या राहिल्या, भाडं पडलं, आणि छोटा मालक पुन्हा जादा भरण्याकडे वळला. काल जे ओव्हरलोड होतं ते आज पासिंग झालं, पुढचं ओव्हरलोड त्यावर चढलं.

त्याच वर्षी नियमावली बदलून दुसऱ्या चालकाची सक्तीही काढली गेली. त्याच बदलांत राष्ट्रीय परवान्याच्या गाड्यांवर फास्टॅग आणि गाडी कुठे आहे ते दाखवणारं यंत्र सक्तीचं झालं. सक्ती हटवण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं होतं. चालक मिळत नाहीत. अनेक गाड्यांवर दुसरा चालक म्हणजे नावापुरता क्लीनरच असतो. हा नियम नाक्यावर एंट्री, म्हणजे चिरीमिरी, उकळायला उपयोगी पडतो, झोपेला नाही. हे सगळं मान्य केलं तरी एवढ्यावर नियमच रद्द करणं मला चुकीचं वाटतं. कागदावरचा दुसरा चालक खरा करायचा की कागदावरूनही पुसायचा, असे दोन मार्ग होते. दुसरा स्वस्त होता. आणि ज्या यंत्रांमुळे पहिला मार्ग प्रथमच शक्य झाला होता, तीच यंत्रं त्याच वेळी गाडीत बसत होती. आज टोलची वेळ, जीपीएसची नोंद आणि ई-वे बिलाची, म्हणजे मालासोबतच्या ऑनलाइन वाहतूक पावतीची, मुदत जुळवली तर कोणती गाडी किती तास न थांबता चालली हे मिनिटागणिक सांगता येतं. मालाचे तास मोजले जातात. त्यावरून चालकाचे तास काढावेत असा आदेश निघालेला नाही.

2019 च्या दुरुस्तीने जादा वजनाचा दंड 2,000 वरून 20,000 रुपये केला, वर प्रत्येक जादा टनामागे 2,000. 1961 च्या कामगार कायद्याची जागा घेणारी कामगार संहिता 2020 मध्ये संमत झाली. डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. 1 जुलै 2023 च्या पहाटे नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली आणि 25 प्रवासी गेले. काही दिवस चालकाचे डोळे, रस्त्याची एकसुरी सरळ रेषा, टायर यांवर चर्चा झाली. ड्युटीच्या तासांच्या नोंदीवर फार कमी.

जानेवारी 2024 च्या पहिल्या दोन दिवसांत चालक स्वतः रस्त्यावर उतरले. अपघातानंतर न कळवता निघून गेल्यास 10 वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद नव्या भारतीय न्याय संहितेत होती. जमाव मारून टाकेल म्हणून पळतो, हे त्यांचं सांगणं. इथे पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि शहराला चालकांची गरज दोन दिवसांत कळली. 1 जुलै 2024 पासून ही न्याय संहिता लागू झाली, ते उपकलम मात्र बाजूला ठेवलं गेलं. 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचं आहे. 45 अंशांच्या विदर्भात हे फार आधी व्हायला हवं होतं. ते फक्त नव्या गाड्यांना आहे, आणि त्या केबिनमध्ये एकच चालक असला तरी चालतं.