अल कपोनला एलियट नेसने जेलात नाही टाकलं हो

एलियट नेसने शिकागोचा गँगस्टर कपोनला आत टाकलं असं सगळीकडे ठोकून सांगतात, वर नेसला एफबीआयचा पण करून टाकतात. तो शिकागोत दारूबंदी खात्याचा फेडरल एजंट होता. त्याच्या टीमने कपोनच्या बेकायदा ब्रुअरीज फोडल्या, धंद्याला फटका बसला हे खरंय, दारूबंदी मोडल्याचे हजारो आरोप पण लावले, पण ती केस चाललीच नाही. 1931 ला 11 वर्षांची शिक्षा झाली ती इन्कम टॅक्स बुडवला म्हणून, आणि ते किचकट काम टॅक्सवाल्या फ्रँक विल्सन वगैरेंनी हिशोबाच्या वह्या उकरून केलं. आता वह्या वाचणाऱ्यावर सिरीयल कोण बघणार!

घोळ झाला 'द अनटचेबल्स' पुस्तकाने. नाव नेसचं, पण त्याच्या छोट्याशा मजकुराला तिखटमीठ लावून लिहिलं ऑस्कर फ्रेली या पत्रकाराने. बिचारा नेस 1947 ला क्लीव्हलंडच्या महापौरपदाची निवडणूक हरलेला, पैशाची ओढाताण, आणि मे 1957 मध्ये वारला, पुस्तक बाजारात यायच्या आधीच. त्यामुळे सगळं त्याच्या माथी मारू नका. 1987 च्या याच नावाच्या सिनेमात तर नेस कपोनच्या टोळीतल्या फ्रँक निटीला गच्चीवरून ढकलतो, खरा निटी 1943 ला स्वतःच गोळी झाडून मेला.