सीपीएलची लेखी परीक्षा: पुस्तकं कोणती घ्यावीत, आणि त्याआधी कोणता कागद मिळवावा

"सीपीएलच्या (व्यावसायिक वैमानिकाच्या लायसन्सच्या) पेपरांसाठी कोणती पुस्तकं घेऊ?" असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, बारावीच्या गुणपत्रिकेचं पडताळणी पत्र बोर्डाकडून मागवलंस का? बहुतेकांनी हे नावच ऐकलेलं नसतं. पुस्तकांचा गठ्ठा घरी येतो, क्लासची फी भरली जाते आणि अर्ज मात्र या एका पत्रापायी अडकतो. म्हणून आधी कागदांचं बोलतो.

ही परीक्षा घेणाऱ्या डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, कुठल्याही परीक्षेला बसायचं तर कॉम्प्युटर नंबर, म्हणजे उमेदवाराचा नोंदणी क्रमांक, लागतो. तो एकदाच मिळतो आणि पुढे कायम तोच चालतो. अर्ज परीक्षा पोर्टलवर ऑनलाइन करायचा असतो. फोटो, सही, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका हे सगळं घरात असतंच. घरात नसतं ते बोर्डाचं पत्र: गुणपत्रिका खरी आहे, असं बोर्डानं लिहून दिलेलं. महाराष्ट्र बोर्डाची नऊ विभागीय मंडळं आहेत आणि परीक्षा ज्या विभागातून दिली तिथेच अर्ज करावा लागतो. लातूर विभागातून बारावी झालेला मुलगा पुण्याच्या कार्यालयात रांग लावून परत आलेला मी पाहिला आहे. बोर्ड सरकारी, डीजीसीएही सरकारी, तरी एका कार्यालयाचा कागद खरा आहे हे दुसऱ्याला पटवायला अठरा वर्षांच्या मुलानं खेटे घालायचे, याचा मला मनापासून राग येतो. पण आज रीत हीच आहे, म्हणून निकाल हातात पडताच हा अर्ज करून टाका.

दुसरी अडचण नावाची. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर क्रम वेगळा, पासपोर्टवर तिसराच. कुठे 'राव' जोडलेलं, कुठे गळलेलं. दहावीच्या प्रमाणपत्रावर जसं आहे तसंच नाव अर्जात लिहा आणि बाकीचे कागद त्याला जुळवून घ्या. स्पेलिंगमधल्या एका अक्षरानंही अर्ज परत येतो.

पात्रतेचं थोडक्यात: लायसन्ससाठी वय किमान १८, आणि बारावीत भौतिकशास्त्र व गणित. बायोलॉजी घेऊन गणित सोडलेल्यांना आणि कॉमर्सवाल्यांना हे दोन विषय एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून) देता येतात, पण मग त्या गुणपत्रिकेचीही वेगळी पडताळणी लागते. विषयांची अट शिथिल होणार अशा बातम्या अधूनमधून येतात. बातमीच्या भरवशावर फी भरू नका, नियम बदलल्याचं डीजीसीएच्या साइटवर दिसू द्या. मेडिकलही पुस्तकांआधीच करून घ्या.

तारखांचा घोळ तर दर सत्राला होतो. कॉम्प्युटर नंबरचा अर्ज म्हणजे परीक्षेचा अर्ज नव्हे. परीक्षेचा फॉर्म प्रत्येक सत्रासाठी वेगळा भरायचा असतो, त्याची खिडकी थोडेच दिवस उघडी राहते आणि तोवर नंबर हातात नसेल तर ते सत्र गेलं.

आता पुस्तकं. पेपर पाच: एअर रेग्युलेशन्स, नॅव्हिगेशन, मेटिओरॉलॉजी, टेक्निकल जनरल (विमान आणि इंजिनाची सर्वसाधारण माहिती) आणि टेक्निकल स्पेसिफिक (ज्या विमानावर उडणार त्याची). पासिंग ७० टक्क्यांना, निगेटिव्ह मार्किंग नाही.

रेग्युलेशन्सचं पुस्तक घेताना ते कधी छापलंय हे पहिल्यांदा बघा. १९३४ च्या विमान कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियम २०२४ नं घेतली आणि तो १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. जुना कायदा चालू म्हणून शिकवणाऱ्या नोट्स अजूनही हातोहात फिरतात. विमानातला रेडिओ वापरण्याचं आरटीआर लायसन्स याच नव्या कायद्यानं दूरसंचार खात्याकडून डीजीसीएकडे आलं, त्यामुळे त्याचीही जुनी माहितीपत्रकं बाजूला ठेवा. या विषयाचं मूळ साहित्य फुकट मिळतं. १९३७ चे विमान नियम, सीएआर (डीजीसीएच्या तपशीलवार नियमावल्या) आणि एआयपी (विमानतळ व हवाई मार्गांची अधिकृत माहिती) ऑनलाइन वाचता येतात. वेळ कमी असेल तर निदान सीएआरमधला लायसन्सचा सेक्शन ७ आणि उड्डाणाचा सेक्शन ८ मुळातून वाचा.

मेटमध्ये, म्हणजे हवामानाच्या पेपरात, मुलं चकतात ती परदेशी पुस्तकसंचांमुळे. युरोपच्या एटीपीएलसाठी (एअरलाइन वैमानिकाच्या लायसन्ससाठी) लिहिलेली ती पुस्तकं छापलेली सुंदर असतात, वातावरणाचं भौतिकशास्त्र त्यांत छान समजतं. पण त्यांचा जीव वॉर्म फ्रंट आणि ऑक्लूजन या थंड प्रदेशातल्या हवामानाच्या गोष्टींमध्ये. आपल्या पेपरात मान्सून ट्रफ (पावसाळ्यातला कमी दाबाचा पट्टा) येतो, बंगालमधली कालबैसाखी (उन्हाळ्यातली वादळं) येते, हिवाळ्यातले वेस्टर्न डिस्टर्बन्सेस (पश्चिमी विक्षोभ) आणि त्यामागून उत्तरेत पसरणारं धुकं येतं. भारतीय हवामानावर स्वतंत्र प्रकरणं नसलेलं पुस्तक एकटं पुरत नाही.

नॅव्हला मात्र परदेशी पुस्तक बिनधास्त चालतं, पृथ्वी सगळ्यांची गोलच आहे. इथे पारख उदाहरणांवरून करा. पॉइंट ऑफ नो रिटर्नचं, म्हणजे जिथून पुढे गेल्यावर परतायला इंधन पुरत नाही त्या जागेचं, गणित पायरी-पायरीनं सोडवून दाखवलंय का, की सूत्र देऊन थेट उत्तर? आणि फ्लाइट कॉम्प्युटर (वेग-दिशा काढायची वैमानिकाची गणनचकती) हातात धरून रोज वाऱ्याचे त्रिकोण सोडवा. नुसतं वाचून नॅव्ह येत नाही.

टेक्निकल जनरलला एक चांगलं पुस्तक पुरतं. स्पेसिफिकला मात्र मार्गदर्शक पुस्तक विकत घेऊच नका, ज्या विमानावर उडणार त्याचं पीओएच (उत्पादकाची वैमानिकासाठीची पुस्तिका) घ्या, आणि नेमक्या मॉडेलचं घ्या. सेस्ना १७२ म्हटलं की काम झालं असं नाही. १७२एनला कार्ब्युरेटर आहे, आर आणि एसला फ्युएल इंजेक्शन. आरचं इंजिन १६० अश्वशक्तीचं आणि कमाल टेक-ऑफ वजन २४५० पाउंड, एसचं इंजिन १८० चं आणि वजन २५५० पाउंड. एका मुलीनं दुसऱ्या मॉडेलचे आकडे तोंडपाठ केले होते. मेहनत पूर्ण होती, पेपर गेला.

प्रश्नसंच नाकारत नाही. पण ते परीक्षा देऊन आलेल्यांच्या आठवणीतून जमलेले असतात, कित्येक उत्तरं चुकीची असतात आणि चूक एका संचातून दुसऱ्यात जशीच्या तशी उतरते. आधी डीजीसीएचा अभ्यासक्रम छापून घ्या, पुस्तकातला प्रत्येक धडा झाला की त्यावर खूण करा आणि मगच संच उघडा. एखादं उत्तर पटलं नाही तर त्याचा नियम किंवा सूत्र स्वतः काढून बघा. न सापडलेल्या प्रश्नांची वेगळी वही करा आणि ती घेऊन इन्स्ट्रक्टरकडे जा.