ऑफसेट की डिजिटल: हजार प्रतींच्या हिशोबाची पार्श्वभूमी

मराठी पुस्तकाची पहिली आवृत्ती हजार प्रतींची, हे कित्येक वर्षे धरूनच चालत. आता दोनशे-तीनशेवर सुरुवात होते, आणि पुस्तक ऑफसेटवर छापायचे की डिजिटलवर हा वाद पेटतो तो इथेच.

ऑफसेट म्हणजे प्लेटवरचा ठसा रबरावर घेऊन कागदावर उमटवणारी छपाई. ती शिळाछापाची, म्हणजे दगडावरून होणाऱ्या छपाईची, वंशज. तेलकट शाई पाण्याला धरत नाही, या एका गुणावर दोन्ही चालतात. मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निघालेले पहिले छापील मराठी पंचांग शिळाप्रेसवरचेच. पुस्तके मात्र पुढे दीर्घकाळ खिळ्यांवरच, म्हणजे धातूची सुटी अक्षरे जुळवून, निघाली. डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी, आले आणि चित्र पालटले. लेझर प्रिंटरवरून पाने ट्रेसिंगवर काढायची, फर्म्याच्या (एका तावावर छापल्या जाणाऱ्या पानांच्या गटाच्या) क्रमाने चिकटवायची, त्यावरून छपाईची प्लेट करायची. पेस्टिंग करणाऱ्याचे एक पान उलटसुलट झाले की अख्खा फर्मा वाया. पुढे सीटीपीने (कॉम्प्युटर-टू-प्लेट) संगणकावरून थेट प्लेट काढायला सुरुवात केली आणि पेस्टिंगचे टेबलच गेले. संगणकावरून थेट कागदावर छापणारी रंगीत डिजिटल यंत्रे 1993 साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या छपाई प्रदर्शनात मांडली गेली होती. आपल्याकडच्या पुस्तकांपर्यंत ती बऱ्याच उशिरा पोहोचली.

हजाराचा आकडा या प्लेटमधून आला. डेमी (नेहमीच्या पुस्तकाच्या) आकाराचे 160 पानी पुस्तक म्हणजे 16 पानांचे 10 फर्मे. तावाच्या एका बाजूला 8 पाने छापणाऱ्या सिंगल डेमी मशीनवर प्रत्येक फर्म्याला पुढची-मागची मिळून 2 प्लेट, म्हणजे 20 प्लेट. शंभर प्रती काढा की हजार, 20 प्लेट लागणारच. शिवाय दर प्लेटला शाई-पाण्याचा मेळ बसेपर्यंत रद्दी होणारा कागद वेगळा. हा खर्च हजार प्रतींवर पसरला की प्रत स्वस्त पडे. डिजिटलमध्ये प्लेटच नाही. पहिली प्रत आणि तीनशेवी प्रत जवळपास एकाच भावाची.

प्रकाशक दोन्हीकडचे दर मागवतात, प्रतीमागचा आकडा बघतात आणि ऑफसेटला हो म्हणतात. माझ्या मते हा हिशोब अर्धवट आहे. हजारातल्या सहाशे प्रती गोदामात पडून राहिल्या, तर त्यांचा कागद, बाइंडिंग, जागेचे भाडे आणि अडकलेली रक्कम विकल्या गेलेल्या चारशेंवरच चढते. कवितासंग्रह, प्रबंध, स्थानिक इतिहास अशा पुस्तकांचे हेच होत आले आहे. मात्र डिजिटलचे समर्थक एक गोष्ट दडवतात: प्रत महाग पडल्याने छापील किंमत वाढवावी लागते, आणि विक्रेत्याचे कमिशन त्या वाढीव किमतीवर जाते.

दर्जाचा मुद्दाही निकाली निघालेला नाही. ऑफसेटची शाई कागदात मुरते. डिजिटलचा टोनर (शाईची पूड) कागदाच्या वर बसतो, गडद रंगाच्या मुखपृष्ठावर घडीपाशी तडकतो. लॅमिनेशनने बरेचसे झाकले जाते. अलीकडे पहिल्या दोनशे प्रती डिजिटलवर आणि मागणी दिसली की पुढच्या ऑफसेटवर, अशी पद्धत रुळते आहे. त्यात कागदाचा गठ्ठा बदलला की जाडी बदलते, मुखपृष्ठावरचा कणा (पुस्तकाच्या पाठीची पट्टी) मिलिमीटरभराने सरकतो, आणि मुखपृष्ठाची फाइल नव्याने बसवावी लागते.