टँकर पलटी झालाय, पण पेट्रोलचा की गॅसचा?

'मोहोळजवळ टँकर पलटी, हायवे बंद.' असा मेसेज ग्रुपवर पडतो, पण आत काय होतं ते त्यात कधीच नसतं. आणि नेमकं त्यावरच पुढचं सगळं ठरतं. सोलापूरजवळ पाकणीला तेल कंपन्यांचे डेपो असल्याने पेट्रोल-डिझेलचे टँकर आपल्याकडे रोजचेच, आणि एलपीजीचे बुलेट टँकरही त्याच पुणे-सोलापूर रस्त्याने जातात. अपघात झाला की दोन्हीकडे कंपनीची माणसं येतात. कामं मात्र जवळजवळ उलटी करतात.

ओळख सोपी आहे. पेट्रोलच्या टाकीवर झाकणं असतात आणि मागून ती बहुधा चपटी, लंबगोल दिसते. गॅसची टाकी म्हणजे गोल नळकांडं, दोन्ही टोकं फुगीर. शिवाय धोक्याच्या पाटीवर चार आकडे असतात: १२०३ म्हणजे पेट्रोल, १२०२ डिझेल, १०७५ एलपीजी. अग्निशमन दलाला फोन करताना लांबूनच दिसला तर हा नंबर सांगा.

पेट्रोल-डिझेल सांडलं की लढाई जमिनीवर. माती-वाळूचा बांध घालायचा, नाल्याचं तोंड बुजवायचं, वर फोमचा थर द्यायचा. नुसत्या पाण्याचा जोरदार मारा केला तर पेट्रोल पाण्यावर तरंगत आणखी लांब जातं. मग रिकामा टँकर आणून, अर्थिंग जोडून, एकेक कप्पा पंपाने उपसतात. क्रेनचा नंबर त्यानंतर. 'डिझेल कुठं एवढं पेटतंय' हे मात्र सोलापुरात म्हणू नये. भारतीय मानकाप्रमाणे डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश, म्हणजे त्या तापमानाला पेटण्याजोगी वाफ सुटू शकते. मे महिन्यात आपला पारा चाळिशीपार असतो, डांबराचं तर विचारूच नका. आणि कॅन घेऊन धावणाऱ्यांसाठी: जून २०१७ मध्ये पाकिस्तानात अहमदपूर शर्कियाजवळ उलटलेल्या टँकरचं पेट्रोल भरून घ्यायला गर्दी झाली, भडका उडाला आणि दोनशेहून जास्त माणसं गेली.

गॅसची गोष्ट हवेतली. द्रवरूप एलपीजी बाहेर पडला की त्याचा सुमारे २५० पट वायू होतो. तो हवेपेक्षा जड असल्याने वर न जाता उताराने, चारीतून, पुलाच्या मोरीतून सरकतो. समजा गळती याच रस्त्यावरच्या, चिवड्यासाठी प्रसिद्ध लांबोटीजवळ झाली. ठिणगी टँकरपाशीच पडायला हवी असं नाही; वाऱ्याच्या दिशेला चिवड्याची कढई चढवलेली एक भट्टी पुरते. पांढरं धुकं दिसतं तेवढाच गॅस, असंही समजू नका. ती थंडीने गोठलेली हवेतली वाफ असते. गॅस तिच्याही पुढे गेलेला असू शकतो. म्हणून इथे पाणी हवंच, पण फवाऱ्यासारखं: गॅस पांगवायला आणि टाकी गार ठेवायला. कंपनीची आपत्कालीन गाडी येते, गळती बंद करते, आसपासची वीज तोडायला लावते आणि गॅस दुसऱ्या बुलेटमध्ये घेते. गळतीला आग लागलेली असेल आणि गळती थांबवता येत नसेल, तर ती आग विझवतसुद्धा नाहीत. विझवली तर न जळलेला गॅस साचतो आणि दुसऱ्यांदा पेटतो तेव्हा स्फोटच होतो.

हायवे तासन्‌तास बंद का, म्हणून टोलनाक्यावर चिडणाऱ्यांनी २० डिसेंबर २०२४ ची जयपूरची दुर्घटना आठवावी. ट्रक धडकून एलपीजी टँकर फुटला आणि गॅस पेटला तेव्हा रस्त्यावरची इतर वाहनंही जळाली. मोठ्या गळतीत वाऱ्याच्या दिशेने ८०० मीटरपर्यंत माणसं हलवावी लागतात. पेट्रोलला सुरुवातीला ३०० मीटर धरतात. टाकीलाच आग लागली तर दोन्ही आकडे दुप्पट किंवा जास्त.

रस्ता सुरू झाल्यावर चित्र पालटतं. गॅस पांगला की जमिनीत काही उरत नाही. पेट्रोल-डिझेल मुरतं, म्हणून खराब झालेली माती उकरून न्यावी लागते आणि शेजारच्या विहिरीचं पाणी तपासून घ्यावं लागतं. शेताचं नुकसान झालं असेल तर पंचनाम्याची प्रत हातात ठेवा. १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, पाच वर्षांच्या आत, आणि त्यात चूक कुणाची हे शेतकऱ्याने सिद्ध करावं लागत नाही.